रानफुलांचा सातबारा लिहिणारा कार्ल लिनिअस

शेतकरी मंडळी, कृषी खात्याचे किंवा कृषी विद्यापीठाचे एखादे पत्रक हातात आले तर जरा नीट बघा. पिकाच्या मराठी नावाशेजारी एक अवघड नाव तिरप्या अक्षरांत छापलेले असते. हरभऱ्यापुढे सायसर ॲरिएटिनम, तिळापुढे सेसॅमम इंडिकम, भातापुढे ओरायझा सटायव्हा. आणि त्या नावाच्या शेवटी एकटेच एक इंग्रजी अक्षर उभे असते: एल. हरभऱ्यापुढे एल, तिळापुढे एल, आंब्यापुढे एल, वडापिंपळापुढे एल. इतकेच काय, ज्या गाजरगवताने आपले बांध आणि पडीक राने गिळली, त्याच्यापुढेही एलच.

हा एल म्हणजे एका माणसाची सही आहे. त्याचे नाव कार्ल लिनिअस. देश स्वीडन, म्हणजे युरोपच्या पार उत्तरेला. औरंगजेब अहमदनगरला मेला ते साल १७०७; त्याच साली मे महिन्यात लिनिअस जन्मला. जगातल्या झाडाझुडपांची नोंदवही लिहून काढणारा हा माणूस शिक्षणाने डॉक्टर, पेशाने मास्तर आणि जन्माने खेडवळ होता. त्याची खरी शाळा होती रानात. बर्फ वितळले की विद्यार्थ्यांना घेऊन तो गावाबाहेर पडायचा आणि कुरणातून, बांधावरून, ओढ्याकाठाने फुले बघत दिवसभर हिंडायचा. आज सांगायचे आहे ते मुख्यतः या हिंडण्याबद्दल, कारण त्यातून गाई वाचल्या, चाऱ्याचा हिशोब लागला आणि पेरणीची वेळही ठरवता आली.

आधी तिकडचा वसंत समजून घ्या. आपला वसंत म्हणजे पळस पेटलेला, पांगारा लाल झालेला आणि खाली जमीन मात्र वाळून खडखडीत. स्वीडनमध्ये उलटे. हिवाळ्याचे कित्येक महिने जमीन बर्फाखाली, जनावरे गोठ्यात, माणसे घरात. एप्रिलमध्ये बर्फ ओसरते आणि झाडांना पालवी फुटायच्या आतच रानात जमिनीलगतची निळी, पांढरी, पिवळी फुले उठतात. आपल्याकडे मृगाचा पहिला पाऊस झाल्यावर आठ दिवसांत माळ जसा हिरवा होतो, तसे म्हणा. वर्षभर कोंडलेला जीव बाहेर पडतो, माणसाचाही आणि गुरांचाही. यातली गुरांची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

लिनिअसचा बाप निल्स हा खेड्यातला पाद्री. दक्षिण स्वीडनमधल्या स्मोलांड भागातले रोशुल्ट हे कार्लचे जन्मगाव. दगडगोट्यांची जमीन, मधे मधे जंगल, तळी आणि कुरणे. त्या काळी तिथल्या शेतकऱ्यांना आडनाव नसायचे. बापाचे नाव लावले की झाले. निल्स शिकायला गेला तेव्हा आडनाव लिहायची वेळ आली. घराण्याच्या जमिनीत लिंडनचे एक मोठे झाड होते, त्याच्यावरून त्याने लिनिअस असे आडनाव घेतले. आपल्याकडे पिंपळे, आंबेकर असतात त्यातलाच प्रकार. पुढे साऱ्या जगातल्या झाडांना नाव देणाऱ्याला स्वतःचे नाव एका झाडाने दिले होते, एवढे लक्षात घ्या.

निल्सला बागेचा भारी नाद. पोर चार वर्षांचे असताना वसंतातल्या एका संध्याकाळी तो पाहुण्यांना घेऊन कुरणात बसला आणि एकेका फुलाचे नाव सांगू लागला. कार्लने नावे विचारली, बापाने सांगितली, पोराने विसरून पुन्हा विचारली. मग बापाने दम भरला की सांगितलेले ध्यानात ठेवणार नसशील तर यापुढे एकही नाव सांगणार नाही. तेव्हापासून पोराने नाव विसरायचे नाही असे मनावर घेतले.

शाळेत मात्र रडच. पाद्र्याच्या पोराने पाद्री व्हायचे, त्यासाठी लॅटिन आणि धर्मशास्त्र घोकायचे; याचे लक्ष खिडकीबाहेर. मास्तरांनी बापाला सल्ला दिला की याला शिवणकाम नाहीतर चपला शिवायचे काम शिकवा. त्याच वेक्शो गावच्या शाळेत शिकवणारा रोथमन नावाचा डॉक्टर होता, त्याला पोरातले पाणी कळले. पाद्री होणार नाही पण डॉक्टर होईल, असे सांगून त्याने निल्सची समजूत काढली आणि पोराला घरी ठेवून शिकवले. त्या काळी औषधे म्हणजे झाडपालाच, म्हणून डॉक्टरकीला वनस्पतींचे ज्ञान हवेच होते.

१७२८ मध्ये कार्ल उप्साला विद्यापीठात पोचला तेव्हा खिसा रिकामा. बुटाच्या तळाला भोके पडलेली, त्यात कागद घालून चालायचा. दुसऱ्या वसंतात विद्यापीठाच्या मोडकळीस आलेल्या बागेत फुले बघत बसला असता ओलोफ सेल्सिअस नावाचे धर्मशास्त्राचे प्राध्यापक तिथे आले. (तापमापकाचा सेल्सिअस तो यांचा पुतण्या.) ते बायबलमधल्या वनस्पतींवर ग्रंथ लिहीत होते. हा फाटका पोरगा प्रत्येक रोपाचे नाव धडाधड सांगतो आहे, हे बघून त्यांनी त्याला आपल्या घरी राहायला आणि जेवायला ठेवले.

१७३२ च्या मे महिन्यात, इकडे पुण्यात शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली त्या वर्षी, पंचविशीतला लिनिअस घोड्यावर बसून एकटाच उत्तरेला लॅपलँडकडे निघाला. खर्च उप्सालाच्या शास्त्र संस्थेचा. रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांच्या मुलखात पाच महिने हिंडून त्याने वनस्पती, खाणेपिणे, औषधोपचार, कातड्याचे काम, सगळे टिपून आणले. परत आल्यावर दिलेल्या हिशोबात त्याने अंतर बरेच फुगवून लिहिले, असे पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. प्रवासभत्त्याच्या फॉर्मचा अनुभव असलेल्या आमच्या ग्रामसेवक-तलाठी वाचकांना यावर हसू आले तर आमची हरकत नाही.

पण याच प्रवासात त्याने एक काम केले, ज्यासाठी शेतकऱ्याने त्याचे नाव घ्यावे. हल्ली फिनलंडमध्ये असलेल्या टोर्निओ गावी तो पोचला तेव्हा लोक हवालदिल झालेले. दर वसंतात गोठ्यातली गुरे कुरणावर सोडली की पटापट मरायची. पोट फुगायचे, जनावर तडफडायचे आणि खलास. दरवर्षी पन्नासाच्या वर जनावरे जायची. कोणी साथ म्हणे, कोणी पाण्याचा दोष काढी.

लिनिअसने आधी माहिती काढली. गुरे मरतात कधी? हिवाळ्याचा सुका चारा सुटून चरणी सुरू झाली की लगेच. उन्हाळा चढत जातो तसे मरण कमी होते. मरतात कुठे? गावाजवळच्या ओलसर कुरणात चरणारी. साथ असती तर तिने कुरण बघितले नसते. तो स्वतः होडीने त्या कुरणावर गेला, आणि उतरताच त्याला पाणथळ जागेत एक वनस्पती दिसली. कोथिंबिरीला येतात तशा पांढऱ्या फुलांच्या छत्र्या धरणारी, आणि गाजर-कोथिंबिरीच्याच कुळातली. शास्त्रीय नाव सिक्युटा. हिचे मूळ म्हणजे जहर. उन्हाळ्यात गवत मुबलक झाले की गुरे तिला टाळतात. पण हिवाळाभर कोंडलेले, भुकेले जनावर वसंतात पहिल्यांदा सुटले की हिरवे दिसेल त्यात तोंड घालते. गवत अजून आखूड, जमीन ओली भुसभुशीत, त्यामुळे पाल्याबरोबर मूळही उपटून येते.

औषध त्याने सांगितले नाही, कारण औषध नव्हतेच. उपाय सांगितला: एक बाई मजुरीने लावा आणि कुरणातली ही झाडे उपटून काढा. तिच्या मजुरीपेक्षा एका गाईची किंमत जास्त आहे.

मंडळी, आपल्याकडेही हे नवे नाही. ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन जनावर दगावते, ते कोणत्या दिवसांत आणि का, हे जुन्या माणसाला ठाऊक असते. धोत्रा, कळलावी, कण्हेर यांच्यापासून गुरे राखावी लागतात. पण बांधावर नवीन काही उगवले तर त्याचे नाव विचारणारे किती आणि सांगणारे किती? टोर्निओचे लोकही त्या पांढऱ्या फुलांवरून रोज चालत होते.

मधली वर्षे थोडक्यात सांगतो. १७३५ मध्ये तो हॉलंडला गेला, डॉक्टरची पदवी घेतली आणि त्याच वर्षी सृष्टीची वर्गवारी मांडणारे, मोठ्या आकाराच्या जेमतेम डझनभर पानांचे पुस्तक छापले. फुलातले पुंकेसर आणि स्त्रीकेसर मोजायचे आणि त्यावरून झाडाचा वर्ग ठरवायचा, अशी सोपी युक्ती त्यात होती. दहा बोटे मोजता येणारा कोणीही ती वापरू शके. झाडांना नर-मादी लावतो, हे अश्लील आहे, असा ओरडा सीगेसबेक नावाच्या एका पंडिताने केला. लिनिअसने एका चिकट, नगण्य तणाला त्याचे नाव देऊन टाकले, ते आजतागायत तसेच आहे. माणूस डूख धरणारा होता, यात शंका नाही. ती मोजणीची पद्धत शास्त्रज्ञांनी पुढे सोडून दिली, कारण तिच्यामुळे भलतीच झाडे एकत्र बसत. पण तोपर्यंत तिने हजारो माणसांना फूल उघडून बघायला शिकवले होते.

हॉलंडमध्येच क्लिफर्ड नावाच्या सावकाराच्या बागेची व्यवस्था त्याच्याकडे आली. तिथल्या काचघरात त्याने केळीला फूल आणि फळ आणून दाखवले आणि १७३६ मध्ये केळीवर एक पुस्तकच लिहिले. जळगावच्या बागायतदारांना याचे काय कौतुक, पण बर्फाच्या मुलखात तो चमत्कार ठरला. स्वर्गातल्या बागेत आदम-ईव्हने खाल्लेले फळ सफरचंद नसून केळेच असावे असा त्याचा कयास होता. म्हणून केळीच्या शास्त्रीय नावात त्याने पॅराडिसिआका, म्हणजे स्वर्गातली, असा शब्द घातला.

स्वीडनला परतल्यावर १७३९ मध्ये त्याने सारा लिसाशी लग्न केले. तिच्या डॉक्टर वडिलांनी लग्नाआधी तीन वर्षे थांबायची अट घातली होती. १७४१ मध्ये तो उप्सालाला प्राध्यापक झाला. त्याच सुमाराला संसदेने त्याला देशातल्या प्रांतांची पाहणी करायला पाठवले: रंगाला उपयोगी झाडे कोणती, औषधी कोणत्या, चारा कुठला, माती कुठली, ते बघून या. १७४१, १७४६ आणि १७४९ असे तीन दौरे त्याने केले आणि त्यांची पुस्तके लिहिली, तीही लॅटिनमध्ये नाही, स्वीडिशमध्ये, म्हणजे लोकांना वाचता येईल अशी.

यातल्या शेवटच्या दौऱ्यात एक प्रकरण घडले. स्मोलांडचे शेतकरी जंगलाचा तुकडा तोडून जाळायचे आणि त्या राखेत धान्य पेरायचे. आपल्या कोकणातली राब भाजणी किंवा डोंगरावरची कुमरी शेती ज्यांनी बघितली आहे त्यांना हे वेगळे समजवायला नको. सरकारदरबारी या जाळण्याला विरोध होता. जंगलाचा नाश होतो, हे बंद करा, असे वरचे लोक म्हणत. लिनिअस त्याच मातीतला. त्याने लिहिले की या खडकाळ जमिनीत जाळल्याशिवाय पीक येत नाही, आणि हे बंद केले तर लोक उपाशी मरतील. पुस्तक १७५१ मध्ये छापले जात असताना हॉर्लेमन नावाच्या वजनदार सरदाराने हा मजकूर बघितला आणि आक्षेप घेतला. लिनिअसने ते पान काढले आणि त्याच्या जागी शेणखताची माहिती देणारा मजकूर घातला.

आमच्या मते त्याने इथे माघार घ्यायला नको होती. पण पगार सरकारचा आणि दौऱ्याची मंजुरीही सरकारची. शेतकऱ्याच्या रीतीमागचे कारण कळलेला माणूस कचेरीत जाऊन गप्प का बसतो, हे आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना स्वतःच्या अनुभवाने माहीत असेल. शेणखताची माहिती मात्र खोटी नव्हती, हेही सांगितले पाहिजे.

आता शनिवारच्या फेऱ्यांकडे येऊ. उप्सालाभोवती त्याने आठ वाटा ठरवल्या होत्या. एक जुन्या उप्सालाकडे, जिथे प्राचीन राजांची मातीची थडगी टेकड्यांसारखी उभी आहेत, एक डानमार्क नावाच्या गावाकडे (हे गाव आहे, डेन्मार्क देश नव्हे), एक लांबच्या युमकिलकडे, एक उल्तुनाकडे. वसंत आणि उन्हाळ्यात, बहुधा शनिवारी, सकाळी लवकर सगळे जमायचे. कधी दोनशेच्या वर पोरे असायची. विद्यापीठातला झगा-टोप नाही; अंगात सैल, हलके तागाचे कपडे, डोक्यावर रुंद काठाची टोपी, हातात भिंग, चाकू आणि फुले दाबून ठेवायला कागद. हजेरी घेतली जाई. एकाने नोंदी लिहायच्या, एकाने शिस्त बघायची, अशी कामे वाटलेली. पोरे रानात पसरायची, जो तो सापडेल ते घेऊन यायचा. ठराविक वेळाने सगळे एका जागी बसायचे आणि लिनिअस गोळा झालेल्यातले एकेक उचलून त्याचे नाव, खूण, उपयोग, दोष सांगायचा. हे जनावर खाते का? कोणत्या रोगावर चालते? दुष्काळात माणसाने खाल्ले तर निभेल का? दुपारी दोनच्या सुमाराला जेवण, मग पुन्हा चालणे.

संध्याकाळी वरात निघायची. टोपीत फुले खोवलेली, पुढे नगारे आणि शिंगे, आणि लिनिअसचा जयजयकार करत शहरात प्रवेश. विद्यापीठातल्या बड्यांना हा तमाशा वाटला. १७४८ मध्ये तक्रारी झाल्या, या फेऱ्यांनी पोरांचे बाकीच्या अभ्यासातले लक्ष उडते म्हणून बोल लावला गेला. त्याला ते फार लागले. पण फेऱ्यांना येणारी पोरे कोण होती ते बघा: उद्याचे डॉक्टर, पाद्री आणि अधिकारी. त्यातला पाद्री पुढे कुठल्यातरी खेड्यात जाऊन बसणार, आणि गावात जनावर मेले तर लोक त्यालाच विचारायला येणार.

या पोरांच्या मदतीने त्याने जे काम उभे केले ते आजच्या कोणत्याही पशुसंवर्धन खात्याला शोभावे असे आहे. १७४९ मध्ये त्याच्या एका विद्यार्थ्याच्या नावे प्रबंध निघाला, पान स्वेसिकस. हे पान आपल्या झाडाचे नव्हे. ग्रीक लोकांचा पान नावाचा गुराख्यांचा देव आहे, त्याच्यावरून. रानातली एकेक वनस्पती घेऊन गाय, शेळी, मेंढी, घोडा आणि डुक्कर यांच्यापुढे टाकायची आणि खाते की सोडते ते लिहायचे. असे दोन हजारांहून जास्त प्रयोग झाले. गाईने २७६ वनस्पती खाल्ल्या आणि २१८ सोडल्या. शेळीने ४४९ खाल्ल्या आणि फक्त १२६ सोडल्या. मेंढीने ३८७ खाल्ल्या, १४१ सोडल्या. घोड्याने २६२ खाल्ल्या, २१२ सोडल्या. डुक्कर सगळे खाते असे आपण समजतो, पण त्याने खाल्ल्या ७२ आणि नाकारल्या १७१. शेळीबद्दल मात्र कोणालाही नवल वाटायचे कारण नाही. आणि टोर्निओचा धडा तो विसरला नव्हता. जनावर उपाशी असेल तर चाचणी घ्यायची नाही, कारण हिवाळ्यातून नुकतेच सुटलेले जनावर काहीही खाते आणि त्याची नोंद खोटी पडते.

दुसरे काम पेरणीचे. तिथे सातू, म्हणजे बार्ली, कधी पेरायची हा दरसालचा घोर. लवकर पेरली तर थंडी मारते, उशीर झाला तर पीक पिकायच्या आत पुन्हा थंडी. तारखेवर भरवसा नाही, कारण वसंत कधी आधी येतो, कधी मागे राहतो. लिनिअसने म्हटले, कॅलेंडर कशाला बघता, झाड बघा. १७५० ते १७५२ अशी तीन वर्षे त्याने स्वीडनच्या १८ प्रांतांतून माहिती मागवली की कोणत्या झाडाला कधी पालवी फुटली आणि पेरणी कधी झाली. १७५३ मध्ये बार्क या त्याच्या विद्यार्थ्याने तिचा प्रबंध केला. बर्च हे झाड (आपल्या भूर्जपत्राच्या झाडाचे भाऊबंद) पालवले की सातू पेरावी, असा त्यातला हिशोब. आपल्याकडे बहावा फुलला की दीडेक महिन्यात पाऊस येतो असे जुनी माणसे सांगतात. ते दर वर्षी खरे ठरते की नाही, हे अठरा जिल्ह्यांतून तीन वर्षे लिहून बघितल्याशिवाय कसे कळणार? त्या बहाव्याच्या शास्त्रीय नावापुढेही एल आहे.

आता नावांचे बघू. लिनिअसच्या आधी झाडाचे शास्त्रीय नाव म्हणजे एक लांबलचक लॅटिन वाक्य असायचे. टोमॅटोचे नाव होते, त्याचा अर्थ साधारण असा: बिनकाट्याच्या मऊ खोडाचे, पिसासारख्या कातरलेल्या पानांचे सोलॅनम. एवढे पाठ कोण करणार? १७५३ मध्ये छापलेल्या ग्रंथात त्याने सुमारे सहा हजार वनस्पतींना प्रत्येकी दोनच शब्दांचे नाव दिले. पहिला शब्द आडनावासारखा, दुसरा स्वतःच्या नावासारखा. टोमॅटो झाला सोलॅनम लायकोपर्सिकम. वांगे झाले सोलॅनम मेलाँजेना. आडनाव एक म्हणजे भाऊबंदकी कळली, आणि भाऊबंदांचे रोग पुष्कळदा सारखे असतात; टोमॅटोच्या मागोमाग त्याच रानात वांगे लावू नये म्हणतात, ते उगाच नाही.

तुम्ही म्हणाल, आम्हाला आमची नावे आहेत की. आहेत, आणि ती टिकली पाहिजेत. पण गाजरगवताला कोणी काँग्रेस गवत म्हणतो, कोणी चटकचांदणी. गाजराच्या कुळाशी त्याचा काही संबंध नाही, ते सूर्यफुलाच्या कुळातले. १९५५ च्या सुमाराला ते पुण्यात पहिल्यांदा नजरेस आले आणि मग देशभर पसरले. त्यावर ऑस्ट्रेलियात, आफ्रिकेत काय उपाय चालले आहेत हे शोधायचे असेल तर चटकचांदणी या नावाने सापडणार नाही. पार्थेनियम हिस्टेरोफोरस म्हटले की सापडते. गट नंबर एकच असला की सातबारा कुठल्याही कचेरीत काढता येतो, तसेच हे. १७५८ मध्ये त्याने जनावरांनाही अशीच नावे दिली. आपल्या वशिंडाच्या गाईचे बॉस इंडिकस आणि म्हशीचेही नाव त्याच यादीतले.

स्वतः लिनिअस हिंदुस्थानात कधी आला नाही. मग आपली झाडे त्याला कशी कळली? मोठा आधार होता हॉर्टस मलबारिकस या बारा खंडांच्या ग्रंथाचा. कोचीचा डच गव्हर्नर व्हान रीड याने तो तयार करवला आणि १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याची माहिती इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याने आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पुभट या तीन वैद्यांनी पुरवली. हे तिघे मूळच्या गोव्याकडच्या गौड सारस्वतांपैकी. त्यांची कोकणी भाषेतली, नागरी लिपीतली ग्वाही त्या ग्रंथात छापलेली आहे. म्हणजे युरोपच्या त्या यादीत आपल्या किनाऱ्यावरच्या वैद्यांचा जन्मभराचा अनुभव उतरला आहे. सही मात्र एलची. याबद्दल मनात थोडी खंत आली तर ती रास्त आहे.

त्याचे सगळेच साधले असे नाही. चहा, भात, रेशमासाठी तुती हे सगळे स्वीडनमध्येच पिकवू, म्हणजे परदेशात पैसा जायला नको, असा त्याचा ध्यास होता. १७६३ मध्ये एका कप्तानाने चीनहून चहाची जिवंत रोपे आणून दिली, पण ती त्या थंडीत टिकली नाहीत. माणसांचीही त्याने चार गटांत वर्गवारी केली आणि प्रत्येकाला स्वभाव चिकटवले. गोऱ्यांना चांगले, बाकीच्यांना वाईट. झाडांच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबणारा हा माणूस इथे ऐकीव गोष्टींवर विसंबला, आणि त्या लिखाणाने पुढे पुष्कळ विष पसरले. विद्यार्थ्यांना त्याने जगभर पाठवले, त्यातले कितीक परदेशातच तापाने मेले. कोनिग नावाचा एक शिष्य १७६८ मध्ये तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीला आला आणि १७८५ मध्ये मरेपर्यंत इकडच्या वनस्पती गोळा करत राहिला.

१७५८ मध्ये लिनिअसने उप्सालाजवळ डानमार्क गावच्या हद्दीत हम्मारबी नावाची शेतवाडी घेतली. शेती प्रत्यक्षात बघितली ती सारा लिसाने. १७६६ मध्ये उप्सालाला मोठी आग लागली, तेव्हा त्याने धसका घेतला आणि वाळवलेल्या फुलांचे कागद ठेवायला हम्मारबीच्या टेकडीवर एक दगडी खोली बांधली.

१७७४ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, पुढे आणखी आले. वाचा गेली, आठवण गेली. शेवटच्या दिवसांत कोणी त्याचेच पुस्तक हातात दिले तर तो ते कौतुकाने चाळायचा, पण आपण लिहिले आहे हे त्याला कळत नसे, असे सांगतात. स्वतःचे नावही त्याला आठवेना. १० जानेवारी १७७८ ला तो गेला. मुलगा पाच वर्षांनी वारला, तेव्हा घरात लग्नाच्या मुली होत्या. सारा लिसाने तो सगळा संग्रह १७८४ मध्ये एका इंग्रज तरुणाला एक हजार गिनींना विकला, आणि तो लंडनला गेला. आजही तिथेच आहे.

फेऱ्यांच्या त्या वाटा मात्र उप्सालाभोवती राखल्या आहेत, त्यांवर पाट्या लावल्या आहेत. उल्तुनाला आता स्वीडनचे कृषी विद्यापीठ आहे. शहराच्या दक्षिणेला नदीकाठी राजाचे कुरण म्हणून ओळखला जाणारा पाणथळ तुकडा आहे, तिथे मे महिन्यात जांभळ्या चौकटीच्या घंटेसारखी फुले येतात, हजारोंनी. ते कुरण नुसते कुंपण घालून राखलेले नाही. दर साली फुलांचे बी पडून गेले की ते कापतात आणि गवत काढून नेतात. कापले नाही तर उंच गवत आणि झुडपे माजतात आणि फूल दिसेनासे होते.